चौघांची चोरी, पाचव्याचा दरोडा

कादंबरी लिहू पाहणाऱ्या वाचकांकडून या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच प्रकारच्या कथानकाभोवती आहेत: नाकासमोर चालणारं एक कुटुंब चोऱ्या करू लागतं, आणि वाचताना हसूही येतं, पोटात गोळाही येतो. कायद्याची माहिती आणि लिखाणाचा सल्ला आम्ही वेगवेगळा दिलेला नाही. या प्रकारात एक चुकलं की दुसरं आपोआप बिघडतं.

प्रश्न : माझ्या कादंबरीतलं कुटुंब चोरीकडे का वळतं, हेच पटवता येत नाही. गरीब दाखवलं तर सगळं करुण होतं. बरं चाललेलं दाखवलं तर वाचक म्हणतो, यांना गरज काय? (सांगली)

उत्तर : गरिबी की सुस्थिती हे ठरवत बसू नका. तूट ठरवा, आणि ती रुपयांत ठरवा. समजा, वीस लाखांचं गृहकर्ज आहे, मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के. हप्ता बसतो १७,३५६ रुपये. किराणा ९,०००, शाळेची फी ४,५००, वीज-गॅस-मोबाइल ३,४००, आजीची औषधं ३,२००, जाण्यायेण्याचा खर्च ३,०००, सोसायटीचा मेंटेनन्स १,८००. बेरीज ४२,२५६. हातात येणारा पगार ४२,०००. म्हणजे दरमहा २५६ रुपयांची तूट. या आकड्यावर कोणी रडत नाही. पण यात दिवाळी नाही, दाताचा डॉक्टर नाही, लग्नाचा आहेर नाही.

आता तुटीला तारीख द्या. आईकडे भिशी आहे: २० बायका, प्रत्येकीचे २,०००, म्हणजे ४०,००० रुपये. पाच तारखेला चिठ्ठी निघेल तिला ते द्यायचे. आईने त्यातले ३०,००० धाकट्या भावाला दोन दिवसांच्या बोलीवर दिले आहेत. आज तीन तारीख आहे आणि भावाचा फोन लागत नाही. इथे लक्षात घ्या, घरातला पहिला गुन्हा कदाचित होऊनही गेला आहे. विश्वासाने सोपवलेले पैसे अप्रामाणिकपणे दुसरीकडे वळवणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा फौजदारीपात्र न्यासभंग, पाच वर्षांपर्यंत कैद. आईच्या लेखी मात्र तिने फक्त भावाला मदत केली. तिचा हेतू काय होता हा प्रश्न कादंबरीभर उघडा ठेवता येतो.

बहुतेक हस्तलिखितं इथेच अडतात, कारण लेखक कारण देण्यातच साठ-सत्तर पानं घालवतो. एवढं समर्थन दिलं की वाचकाला वकिलाचं भाषण ऐकल्यासारखं वाटतं. कारण हिशेबाच्या वहीच्या एका पानात संपवा आणि पंचविसाव्या पानाच्या आत पहिली चोरी होऊ द्या. मग दर चोरीनंतर ती वही पुन्हा उघडा. चोरीचा खर्चही तिच्यात मांडा: रिक्षा १४०, दुधाच्या रिकाम्या पिशव्या शून्य, चुकून फुटलेल्या चष्म्याची नवी काच ९००. मिळकत गरजेपेक्षा नेहमी थोडी कमी भरली पाहिजे, म्हणजे पुढची चोरी आपोआप अटळ होते.

प्रश्न : आई, वडील, मुलगा, मुलगी आणि जावई अशी पाच माणसं घेतली आहेत. फार होतात का? (नागपूर)

उत्तर : कायद्यापुरतं बोलायचं तर फार होतात, आणि हीच तुमच्या कथानकाची सर्वांत मोठी संधी आहे.

नुसती चोरी कलम ३०३ खाली येते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. राहत्या घरातली चोरी कलम ३०५, सात वर्षांपर्यंत. चोरीसाठी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडी केली, तर कलम ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत. ही वेळ घड्याळावर ठरत नाही. पुण्यात जूनमध्ये सात वाजता अजून दिवस असतो, डिसेंबरमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य मावळलेला असतो. तेच दार, तेच कुलूप, तीच माणसं, पण महिना बदलला की शिक्षेची कमाल मर्यादा बदलते. त्यामुळे प्रसंगाची तारीख आधी ठरवा.

चोरीसाठी कोणाला इजा केली, अडवून ठेवलं किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, कलम ३०९. आणि जबरी चोरीत पाच किंवा जास्त माणसं एकत्र असली, तर तो दरोडा, कलम ३१०: जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हजर राहून मदत करणाराही या पाचांत मोजला जातो. आता प्रसंग पाहा. शेजारच्या फ्लॅटमधली आजी जागी होते आणि आतून दार वाजवू लागते. कोणालाही दुखवायचं नाही म्हणून तुमची मुलगी हळूच बाहेरून कडी घालते. त्या एका कडीने चोरीची जबरी चोरी झाली. आणि जिन्यात लक्ष ठेवायला जावई उभा असेल, तर पाचही जण दरोडेखोर झाले.

याहून गमतीचं म्हणजे दरोड्याची तयारी आणि दरोड्यासाठी नुसतं एकत्र जमणं हेसुद्धा स्वतंत्र गुन्हे आहेत. जमण्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आजी ओरडली तर काय करायचं, याची चर्चा पाच माणसं पिठलं-भाकरी खाताना करत असतील, तर ती पंगतच गुन्हा ठरू शकते. चौघं असतील तर हे कलम लागणार नाही. कटाचं कलम ६१ मात्र दोघांनाही पुरतं.

म्हणून आमचा सल्ला: निम्मी कादंबरी चौघांवर चालवा. जावई उशिरा येऊ द्या, न बोलावता, मदत करायच्या प्रामाणिक इच्छेने.

प्रश्न : माझी कथा २०१८ मध्ये घडते. कलमं कोणती वापरू? (अकोला)

उत्तर : भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता: चोरी ३७९, राहत्या घरातली चोरी ३८०, रात्रीची घरफोडी ४५७, दरोडा ३९५, चोरीचा माल घेणं ४११. आजच्या कथेतही म्हातारा हवालदार बोलताना ‘चारशेवीस’च म्हणेल, ते तसंच ठेवा. कागदावर मात्र ३१८ येईल.

प्रश्न : विनोद ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. भिंतीवरून पडणं, चुकीच्या घरात शिरणं यापलीकडे सुचत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : चोरीच्या कलमाखाली दिलेली उदाहरणं वाचा. १८६० च्या दंड संहितेतली ही उदाहरणं नव्या कायद्यातही कायम आहेत, आणि या प्रकारच्या कादंबरीसाठी त्यांच्याइतकी समृद्ध खाण दुसरी नाही.

एक उदाहरण अंगठीचं. कोणाच्या घरी टेबलावर अंगठी दिसते. लगेच नेली तर झडती होईल, म्हणून माणूस ती त्याच घरात, मालकाला सापडणार नाही अशा जागी लपवतो. गवगवा शमला की नेऊन विकायची. कायदा सांगतो, अंगठी पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी झाली. म्हणजे वस्तू अजून मालकाच्याच घरात आहे आणि चोरी पूर्ण आहे. आता तुमचं कुटुंब ती अंगठी परत आणायला वारंवार त्या घरी जातं आहे अशी कल्पना करा: सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, आजारी माणसाला भेटायला. आणि त्या घरात रंगकाम निघालं आहे.

दुसरं कुत्र्याचं. खिशात कुत्र्याला आवडणारं काही ठेवून, त्याला पळवण्याच्या हेतूने मागे यायला लावलं, तर कुत्रा चालू लागताच चोरी झाली. यावर घरात संवाद असा होईल:

“कुत्रा आपला आपण मागे आला, बाबा. मी त्याला हातसुद्धा लावला नाही.”
“खिशात काय आहे?”
“खारी.”
“मग आणलाच की.”

तिसरं उदाहरण प्रयत्नाच्या कलमाखालचं, कलम ६२. दागिने चोरायला पेटी फोडली आणि पेटी रिकामी निघाली, तरी माणूस दोषी. रिकाम्या खिशात हात घातला तरी दोषी. इथे विनोद आणि दुःख एकाच जागी आहेत: काहीच मिळालं नाही, आणि शिक्षा मात्र मिळू शकते.

हे प्रसंग लिहिताना एक पथ्य पाळा. पात्रांना हसू देऊ नका. वडिलांना खारीचा मुद्दा खरोखर महत्त्वाचा वाटला पाहिजे. पात्रं एकमेकांना टाळ्या देऊ लागली की वाचकाचं हसू थांबतं.

प्रश्न : चोरलेले दागिने हातात आल्यावर पुढे काय काय चुकू शकतं? चार तोळ्यांची बोरमाळ आहे. (पुणे)

उत्तर : जवळजवळ सगळंच चुकू शकतं, आणि ते क्रमाने चुकू द्या.

पहिली चूक वजनाची. जुन्या पिढीच्या आजीच्या हिशेबात तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाच्या हिशेबात १० चा. चार तोळ्यांत साडेसहा ग्रॅमहून जास्त फरक पडतो. घरातल्या घरात भांडण लावायला एवढं पुष्कळ. दुसरी चूक भरावाची. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जे वजन दिसतं, त्यात लाख आणि दोराही आला. तिसरी शक्यता सर्वांत जवळची: माळ एक ग्रॅम सोन्याची असेल. मालकिणीने खरी माळ कधीच मोडली आणि नवऱ्याला सांगितलेलं नाही. मग ती फिर्यादीत काय लिहून देईल? खऱ्या माळेचं वजन लिहिलं तर पोलीस चार तोळे शोधत राहतील. खोट्या माळेचं सांगितलं तर नवऱ्याला कळेल. फिर्यादी आणि चोर दोघांनाही एकच गोष्ट लपवायची आहे, अशी परिस्थिती कथानकात फार दुर्मीळ मिळते. ती सोडू नका.

घरी सोनं वितळवण्याचा प्रसंग अनेकांच्या लिखाणात येतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. घरच्या शेगडीवर ॲल्युमिनियमच्या कढईत माळ ठेवली, तर सोन्याआधी कढई बसेल. त्याच्याही आधी लाख वितळून जळेल, धूर होईल, वास जिन्यात जाईल आणि वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला खाली येतील. सोनं जसंच्या तसं. या प्रसंगाला चार पानं द्या, काकूंना चहा द्यावा लागेल हे विसरू नका.

दुकानातही कुटुंबाचं गणित बसत नाही. व्यापाऱ्याने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च आयकरात वजावटीला धरला जात नाही. म्हणून सराफ जुन्या सोन्याचे पैसे साधारणपणे खात्यात भरतो आणि ओळखपत्राची प्रत ठेवतो. नव्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. जुन्या बोरमाळेवर तो नसेल, पण त्याच पेटीतल्या नव्या कानातल्यांवर असेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७, त्यामुळे पेढीवरचा माणूस सावधपणे दोन प्रश्न जास्त विचारेल. पहिला प्रश्न साधाच असू द्या: “पावती आहे का?”

भाव रुपयांत लिहू नका. छापून येईपर्यंत तो जुना होतो. वजन लिहा.

प्रश्न : तपास करणारा इन्स्पेक्टर मूर्ख दाखवला आहे. संपादक म्हणतात, बदला. (ठाणे)

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. मूर्ख पोलिसामुळे कुटुंबाला धोकाच उरत नाही. त्याला कामाचा, नीटनेटका आणि गणपतीच्या बंदोबस्ताने थकलेला दाखवा, आणि कार्यपद्धतीलाच कथा पुढे नेऊ द्या.

ठाणे अंमलदार फिर्याद घेतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. ऑनलाइन दिली असेल, तर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं अशी तरतूद नव्या कायद्यात आहे. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं. आणि झडतीसाठी पोलीस त्या परिसरातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलावतात. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारणाशिवाय नाही म्हणणं हाही गुन्हा ठरतो. सोसायटीत प्रतिष्ठित म्हणून पहिलं नाव तुमच्या कुटुंबातल्या वडिलांचंच निघेल, नाही का? मग संशयित म्हणून भलत्याच कोणाच्या खोलीची झडती चालू आहे, आणि चोरी करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर पंच म्हणून सही करतो आहे.

कबुलीजबाबाबद्दल एक सूचना. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. पण कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून “चोरी मी केली” या वाक्यापेक्षा “पिठाच्या डब्यात आहे” हे वाक्य जास्त महागात पडतं. आईला सूर्यास्तानंतर अटक करायची असेल, तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हे सगळं लागतं. रात्री दोन वाजता दार ठोठावून आईला नेलं, हा प्रसंग काढून टाका.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाला खिडकीतून आत सोडतात, असं दाखवलं तर? (नाशिक)

उत्तर : मुलापेक्षा आईवडिलांना जास्त भोगावं लागेल. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही. सात ते बारा या वयात समज किती होती हे पाहतात. पण गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद आहे. शिवाय मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर तो स्वतः केल्यासारखी शिक्षा. या प्रसंगानंतर वाचक कुटुंबाकडे पूर्वीसारखं पाहणार नाही. ते हवं असेल तरच लिहा.

प्रश्न : निवेदक कोण असावा, आणि भाषा किती गडद? (मडगाव)

उत्तर : जो वही लिहितो तो. तृतीयपुरुषी निवेदन ठेवा, पण फक्त त्याच्या किंवा तिच्या नजरेतून. भाषेत काळोख भरू नका. “लोभाच्या विळख्यात सापडलेल्या त्या हातांना काळरात्रीने कंप दिला” असं लिहिलं की सगळा परिणाम गेला. असं लिहा: “वडिलांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात साड्या होत्या. त्यांनी त्या घडी न मोडता पलंगावर ठेवल्या. एक इस्त्रीची होती, ती वेगळी ठेवली.” चोर काय करतोय हे वाचकाला कळलं, आणि हा माणूस कोण आहे हेही कळलं.

आकार म्हणाल तर साठ हजार शब्द, पंचवीस प्रकरणं, प्रत्येकी सुमारे २,४०० शब्द पुरेत. चोऱ्या पाचाहून जास्त नकोत. त्यातली एकच सविस्तर लिहा, बाकीच्या परिणामांतून कळू द्या. कुलूप कसं उघडलं याचं वर्णन वगळलं तरी काही बिघडत नाही. तुमचं कुटुंब या कामात कच्चं आहे, आणि ते कच्चंच राहिलं पाहिजे.

प्रश्न : शेवट जमत नाही. पकडले गेले तर उपदेश होतो, सुटले तर वाचक चिडतो. शेवटी गुपचूप माल परत करतात असं केलं आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : माल परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही. एक छोटी वाट कायद्यात आहे: पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांहून कमी किमतीची चोरलेली वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा मिळते. पण ती कलम ३०३ च्या साध्या चोरीपुरती. राहत्या घरातल्या चोरीला ती वाट नाही. घरातला मुलगा हे अर्धवट वाचून दागिन्यांची किंमत ४,९९९ च्या आत बसवायचा प्रयत्न करतो, एवढा उपयोग मात्र नक्की करा.

खरी अडचण शेवटाची नाही. तुमच्या हस्तलिखितात नुकसान झालेलं माणूस कुठेच दिसत नाही. ज्याचं चोरीला गेलं त्याच्याइतकाच विचार ज्याच्यावर आळ आला त्याचाही करावा लागतो. घरात चोरी झाली की पहिला संशय घरकाम करणाऱ्या बाईवर जातो. फिर्यादी तिचं नाव ‘संशय’ म्हणून सांगतो, तिला चौकशीला बोलावतात, तासन्‌तास बसवून ठेवतात, तिच्या खोलीची झडती होते. नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला वेगळं कलम आहे, ३०६, सात वर्षांपर्यंत. पुढे काही सिद्ध झालं नाही तरी ‘चौकशी झालेली’ बाई म्हणून तिची कामं सुटतात. तीन घरं, प्रत्येकी दीड हजार, म्हणजे महिन्याला साडेचार हजार. पहिल्या प्रश्नातली २५६ रुपयांची तूट या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

ती बाई तुमच्या कुटुंबाकडेही भांडी घासत असली पाहिजे. वरच्या प्रश्नातली झडती तिचीच असू द्या, आणि पंच म्हणून सही करणारे वडील तेच. हे प्रकरण कादंबरीच्या दोन-तृतीयांशावर, म्हणजे सोळाव्या-सतराव्या प्रकरणात आणा. तोवर वाचक मनमुराद हसलेला असतो, आणि आपण कोणाबरोबर हसत होतो हे त्याला तिथे कळतं. त्यानंतरही विनोद थांबवू नका. कुटुंबातल्या माणसांना पूर्वीसारखंच गंभीरपणे हिशेब करू द्या: तिला कामावर ठेवावं तर धोका किती, काढावं तर संशय किती, पगार वाढवला तर लोक काय म्हणतील. एकाने तरी खरं सांगायचं म्हणावं, आणि बाकीच्यांनी त्याला गप्प करावं. नंतर ते पकडले जातात की सुटतात, हे तुम्ही कसंही ठरवू शकता. फक्त तिच्या तोंडी समजूतदारपणाचं वाक्य घालू नका. तिला तिचे राहिलेले बारा दिवसांचे पैसे मागू द्या, आणि तेवढंच बोलून जाऊ द्या.